पाऊस कुठं धाडला

"मी? आन् भाषण? आगं पोरी, डोस्क्यात ऊन शिरलंय तुझ्या. मी पावसाशी बोलतो, मानसांशी न्हाई. मानसांम्होरं हुबा ऱ्हायलो की जीभ टाळ्याला चिकटती माझी."

"बारा मिनिटं, म्बाह. फक्त बारा."

"बारा मिंटांत पाऊस ह्या डोंगरावरनं उठून त्या डोंगरावर जाऊन बसतो. तुला लई थोडी वाटत्यात व्हय?"

सारिजो म्बाहनं, म्हणजे आमच्या सारिजो आजोबानं, बांबूचा पंखा उचलला आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर दोनदा हलवला. विषय संपला, असा त्याचा अर्थ. लारास तिथंच उभी राहिली. चावडीच्या स्वयंपाकघरामागं, फणसाच्या झाडाखाली त्याचं ठाणं होतं. मातीची शेगडी, ऊदाची पुडी, लवंगी सिगारेटची दोन पाकिटं, आणि जमिनीत उलटा खोचलेला खराटा. खराट्याच्या वरच्या काड्यांना लाल मिरच्या आणि कांदे टोचलेले. आमच्या मुलखात कुणाच्याही दारात असा खराटा दिसला की समजायचं, आज इथं कार्य आहे आणि पावसाला आवतण नाही.

मी सुगेंग. माझा धंदा मांडव-खुर्च्यांचा. लग्न असो, सुंता असो, पुढाऱ्याची सभा असो, मांडव मी घालतो. पाऊस आला तर आभाळाला कुणी शिव्या देत नाही, मांडववाल्याला देतात. म्हणून वीस वर्षं झाली, जिथं माझा मांडव तिथं सारिजो म्बाहची शेगडी. त्याला भाषणाला उभा करा हे लारासला मीच सुचवलं होतं. पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

त्याचं असं झालं. सुम्बिंग डोंगराच्या पायथ्याला आमचं तालुक्याचं गाव. तंबाखूची लावण उरकली की गावातली शिकलेली पोरं चावडीपुढच्या मैदानात 'विचारांचा बाजार' भरवतात. आठ माणसं बोलवायची. प्रत्येकानं वेताच्या गोल चटईवर उभं राहून बारा मिनिटं आपल्या डोक्यातलं सांगायचं. समोर तांबड्या आकड्यांचं घड्याळ उलटं पळत असतं. यंदाचा विषय होता 'आभाळ'. दुपारच्या जेवणाआधीचं भाषण जाकार्ताहून येणाऱ्या एका डॉक्टरसाहेबांचं. हे डॉक्टर सुया टोचणारे नव्हेत, हवामानाचे. पाऊस तीन दिवस आधी ओळखण्याची विद्या त्यांना येत होती. पण सकाळी त्यांचं विमान आमच्याकडच्या विमानतळावर चार घिरट्या घालून माघारी गेलं.

"का गं?" मी लारासला विचारलं.

"पाऊस," ती म्हणाली.

खुर्च्या मांडणारी माझी माणसं खाली बसून हसली. लारासला मात्र रडू आलं. छापखानेवाल्याची पोरगी ती, तीन महिने राबली होती. त्यात कालपासून अंघोळ नाही. शेगडी पेटली की पाऊस वळवणाऱ्यानं पाण्याला शिवायचं नाही, प्यायचंही नाही, आणि कार्याच्या यजमानानं अंघोळ करायची नाही, असा नेम आहे. यंदा यजमान तीच. केस चिकट झालेले, डोळे सुजलेले, हातात डॉक्टरसाहेबांच्या नावाची पाटी. ते बघून मी बोलून गेलो, "आभाळावरच बोलायचं ना? मग आभाळाचा माणूस तर फणसाखाली बसलाय."

आता तो नाही म्हणतोय म्हटल्यावर मी पुढं झालो.

"म्बाह, तू न्हाई म्हनालास तर त्या बारा मिंटांत बागस गानं म्हननार हाय."

बागस म्हणजे कार्यक्रम चालवणारा, भोंग्यात बोलणारा पोरगा.

"म्हनू दे की."

"त्याचं गानं ऐकून पाऊस आला म्हंजे? मंग त्याची चड्डी छपरावर फेकावी लागंल."

यजमानाच्या घरातली चड्डी छपरावर टाकली की पाऊस लाजून जातो, असं आमच्यात म्हणतात. म्हातारा खुदकन हसला.

"त्याची नगं बाबा. पाऊस जायचा त्यो दोन वर्सं परत यायचा न्हाई. तंबाखू मरंल समदी."

मग त्यानं लारासकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"डोळं पूस आधी," तो म्हणाला. "शेगडीजवळ पानी नगं. डोळ्यातलंबी नगं. येतो मी. पर शेगडी माझ्यासंगं येनार. हिला सोडून मी हलत न्हाई. सुगेंग, तू वारा घालायचास."

आणखी एक नेम होता, तो मला ठाऊक होता पण त्या घडीला आठवला नाही. शेगडी पेटलेली असेतोवर खोटं बोलायचं नाही. त्याच्या गुरूनं घातलेला नेम. निखाऱ्यासमोर खोटं बोललं की धरून ठेवलेला सगळा पाऊस एकदम डोक्यावर कोसळतो, म्हणे. म्हणून काम चालू असताना तो कुणाशी फारसं बोलायचा नाही. घरच्या माणसानं तर शेगडीजवळ फिरकायचंसुद्धा नाही. घरचं माणूस जवळ आलं की मन तिकडं ओढलं जातं आणि हातातला पाऊस सुटतो.

त्याच्या घरचं माणूस म्हणजे पोनिराह. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, चिंचेखाली तिचं डावेतचं दुकान होतं. नारळाच्या दुधात तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया, वर ताडगुळाचा पाक आणि बर्फ. जिथं गर्दी तिथं तिची कावड. म्हणजे जिथं नवऱ्याची शेगडी तिथंच, पण शंभर पावलं लांब. लग्नाला चाळीस वर्षं झाली त्यांच्या. आमच्यात नवराबायको एकमेकांना थोरल्या पोराच्या नावानं हाक मारतात. ती त्याला 'वुर्यानीचं बा' म्हणायची, चार घरं पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात. नऊ वर्षं झाली, तिनं ती हाक मारली नव्हती. काही लागलं तर 'आवं' म्हणायची. बाकी दोघं एका चुलीवरचं जेवत होती, एका छपराखाली झोपत होती.

साडेअकराला मी शेगडी उचलून वर नेली. गोल चटईच्या शेजारी विटेवर ठेवली आणि उकिडवा बसून वारा घालायला लागलो. म्हातारा मागून आला. अंगात रोजचाच काळा सदरा, डोक्याला बाटिकचं फडकं, पायांत काही नाही. मागच्या मोठ्या पडद्यावर डॉक्टरसाहेबांचा फोटो तसाच होता. बदलायला कुणाला सवड झाली नव्हती. चष्मा, टाय, गोरापान चेहरा, आणि खाली हातभर अक्षरांत नाव.

म्हाताऱ्यानं वळून वर बघितलं.

"लोकहो," तो म्हणाला, "ह्यो मी न्हवं. ह्यो माझ्यापरीस गोरा हाय आन् माझ्यापरीस हुशारबी हाय. त्याला पाऊस तीन दिस आधी कळतो. मला त्यो आला की कळतो."

मैदान हसलं. तीनशे माणसं होती. त्याची जीभ टाळ्याला चिकटली नाही. खराटा उलटा का लावतात ते त्यानं सांगितलं. मिरची-कांदा का टोचायचा तेही सांगितलं, ढगाच्या डोळ्यांत जाऊन चुरचुरतं म्हणून. त्याच्या गुरूनं त्याला पहिली दोन वर्षं नुसतं ढग बघायला बसवलं होतं, आणि तोंडातून शब्द काढला की काडीनं हाणायचा. पोरं खूश झाली.

"मानसं म्हनत्यात, सारिजो पाऊस थांबवतो," तो म्हणाला. "पाऊस थांबत न्हाई. थांबवनारा मी कोन? पाऊस म्हंजे गाभन म्हस. दिस भरल्यात तिचं. ती कुटंतरी बसनारच. तिला आडवून चालत न्हाई, आडवली तर शिंगावर घीती. तिला निस्तं वळवायचं. म्हनायचं, बाय, हितं लगीन हाय, हितं गर्दी हाय, तू जरा म्होरं जा, तिकडं गवत चांगलं हाय. एवढंच काम माझं. गुराख्याचं काम हाय."

टाळ्या पडल्या. लारास कडेला उभी राहून हसत होती. मलाही बरं वाटलं. घड्याळात चार मिनिटं आणि काही सेकंद उरले होते. बागस भोंगा घेऊन लोकांत घुसला.

"कुणाला काही विचारायचंय म्बाहला? पटकन! लाजू नका! पावसाला काही निरोप द्यायचाय का?"

मागच्या बाजूला एक हात वर झाला. बागस पळत गेला.

"वा, डावेतवाल्या बू! बोला बू, नाव सांगा आधी."

"नाव कशाला पायजे? डावेत इकती मी."

भोंग्यातून तो आवाज आला आणि माझा हात थांबला. ती पोनिराह होती. हातात पळी तशीच, पळीतून पाक गळतोय. बागसला ती कोण ते ठाऊक नव्हतं, पोक्त बाईला म्हणायचं म्हणून तो 'बू' म्हणत होता. पुढच्या रांगेतल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, त्यांनी माना वळवल्या.

"इचारायचंय येवढंच," ती म्हणाली. "नऊ वर्सांखाली, असंच तंबाखूची लावन झाल्यावर, लाकडाच्या वखारवाल्याच्या पोरीचं लगीन हुतं. तीन दिसांचं. शेगडी तुमचीच हुती. पैल्याच दिशी दुपारी आभाळ काळं झालं, आन् मांडवावर येक थेंब पडला न्हाई. वऱ्हाडी कोरडं जेवलं."

"बघा! बू साक्षीदार आहेत!" बागस ओरडला. लोक हसले.

"मंग त्यो पाऊस धाडला कुठं?"

लोक पुन्हा हसले, पण थोडेच.

हा प्रश्न तिनं त्याला घरी किती वेळा विचारला असेल याची मोजदाद नाही. दर वेळी एकच उत्तर, "दक्षिनेला. समुद्रात." आणि उठून बाहेर. घरी शेगडी पेटलेली नसायची. शेगडी पेटलेली असायची तिथं तिला यायची बंदी. नऊ वर्षांत आज पहिल्यांदा तो निखाऱ्याजवळ होता आणि तिला विचारायला वाट होती. ती वाट मी करून दिली होती, स्वतःच्या हातानं शेगडी उचलून.

घड्याळ पळत होतं. तीन दहा, तीन पाच. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं नाही, शेगडीकडं बघितलं. माझ्या मनात आलं, एक लाथ घालावी. शेगडी उलथेल, निखारे मातीत जातील, आणि त्याला जे म्हणायचंय ते तो म्हणेल. दक्षिणेला म्हणेल, खाली उतरेल, जेवायची वेळ होईल. पण पाय उचलला नाही माझा.

"पश्चिमेला," तो म्हणाला.

"पश्चिमेला कुठं?"

"कालिपुरूला."

मग कुणी हसलं नाही. कालिपुरू काय आहे ते तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डोंगराच्या कुशीतली चार घरं होती. त्या दिवशी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिथं पाऊस पडला आणि वरची तंबाखूची कड खचून घरांवर आली. सात माणसं गेली. त्यांतली एक वुर्यानी, ह्या दोघांची एकुलती. तिथं दिलेली होती. तिचा नवरा बाजाराला गेला होता म्हणून वाचला. पुढं तो बोर्निओला ताडाच्या मळ्यात कामाला गेला, तो परत आलाच नाही.

बागसचा चेहरा उतरला. त्यानं भोंगा तिच्याकडून घ्यायला हात पुढं केला.

"बू, वेळ संपत..."

"तू गप ऱ्हा रं," पोनिराह म्हणाली. भोंगा सोडला नाही. "ल्येक तिथं दिल्याली ठावं हुतं की तुमाला."

"ठावं हुतं."

"मंग?"

सारिजो म्बाहनं ओठ चाटले. कालपासून पाणी नव्हतं पोटात. घड्याळात दोन मिनिटं होती.

"तिनंच मागितला हुता," तो म्हणाला. "लगनाच्या आधी चार दिस आली हुती मला भेटाया, वखारीत मी जागा बघाया गेल्तो तवा. म्हनली, बा, पंधरा दिस झालं, आमच्याकडं थेंब न्हाई. रोपं माना टाकाय लागल्यात. तुमी लोकांचा पाऊस हिकडं-तिकडं घालवता, मंग येक सर आमच्याकडं घालवा की. मी म्हनलं, बघतो. हसली. म्हनली, बघतो न्हाई, धाडा. दुपारी आभाळ भरून आलं. म्हनलं, चांगला हाय, भरल्याला हाय, पोरीच्या रानात जाऊ दे. समुद्रात घालवून कुनाचं भलं हुनार? म्हनून वळवला. चांगला वळवला. आयुक्शात तेवढा चांगला कधी वळवला न्हवता."

मैदानात कुठंतरी एक लेकरू रडत होतं.

"दुसऱ्या दिशी सकाळी सांगावा आला," तो म्हणाला. "ती घावली म्हनून. लोकं म्हनली, ऊठ. मी उठलो न्हाई. मातीला गेलो न्हाई. तवापास्नं गाव म्हनतं, सारिजोनं लगनाच्या जेवनासाठी ल्येकीची माती चुकवली. म्हनू दे. पर आभाळ तसंच भरल्यालं हुतं. मी उठलो असतो तर समदा एकदम सुटला असता, आन् त्यो गेला असता त्याच वाटंनं. वाट मीच करून ठिवल्याली. तिथं अजून मानसं माती उपसत हुती. चौघं घावायची हुती. मंग तिसऱ्या दिशी सांजंपतुर बसलो. रडलोबी न्हाई. पानी नगं हुतं."

तो थांबला. अजून काही सांगायचं राहिलंय का, असं आठवल्यासारखं केलं.

"येवढंच," तो म्हणाला.

घड्याळाची शून्यं लागली आणि तांबडी उघडमीट करायला लागली. पुढच्या रांगेत एकानं टाळी वाजवायला हात उचलले आणि मांडीवर ठेवून दिले. पडद्यावर डॉक्टरसाहेब अजून तसेच हसत होते. मी फडक्यानं शेगडी उचलली. म्हातारा चटईवरून उतरला. उतरताना तोल गेला, तर लारासनं हात धरला त्याचा. ती रडत होती आणि एका हातानं डोळे दाबून धरत होती. पाण्याचा नेम तिला त्याही वेळी आठवत असावा.

फणसाखाली आल्यावर मी शेगडी जागेवर ठेवली. तो पाटावर बसला. जेवणाची घंटा झाली होती, पण लोक पानांकडं जायच्याऐवजी घोळक्या-घोळक्यानं उभे होते. मी खुर्च्या रचायच्या निमित्तानं तिथंच रेंगाळलो. त्याला एकट्याला सोडायचा धीर होईना.

"सुगेंग," तो म्हणाला, "जेव जा."

"भूक न्हाई."

"मंग उगं हुबा ऱ्हाऊ नगंस. कोळसा दे."

मी कोळसा देतोय तेवढ्यात पोनिराह आली. नेम मोडून थेट शेगडीच्या पलीकडं येऊन उभी राहिली. त्यानं वर बघितलं आणि 'येऊ नगंस' म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणाला नाही.

"माझ्याजवळबी बोलली हुती ती," पोनिराह म्हणाली. "पाऊस मागनार म्हनून. मी दटावलं तिला. म्हनलं, बापाला कामाच्या टायमाला असलं सांगू नगंस, त्येचं मन ओढतं. ऐकती कुनाचं? गेली असनार तशीच उठून. मला वाटतच हुतं."

"मंग तुला ठावं हुतं."

"वाटत हुतं. वाटनं निराळं. नऊ वर्सं मी वाट बघतीया, हे मानूस कवा सांगल म्हनून. आन् तुमी आपलं समुद्र, समुद्र."

म्हातारा निखारे सारखे करत होता.

"तुला तिचा राग आला असता," तो म्हणाला. "म्हनली असतीस, पोरीनं सवताच्या हातानं वढवून घेतलं. लोकंबी म्हनली असती. गेल्याली पोर. तिच्या नावाला कशाला? माझ्या नावाला लागू दे म्हनलं."

"आला असता राग," ती म्हणाली. "लई आला असता. चुलीम्होरं बसून शिव्या दिल्या असत्या तिला, जित्ती असताना देत हुती तशा. तेवढं तरी मिळालं असतं मला. नुसतं फोटूला फुलं घालायची, आन् शेजारनीला म्हनायचं, गुनाची हुती. गुनाची कुठली? ऐकत न्हवती कुनाचं. हट्टी हुती. तुमी तिला पार गुनाची करून ठिवलीत, वुर्यानीचं बा."

ती हाक तिच्या तोंडून निघाली ते तिला कळलं की नाही ठाऊक नाही. तिनं पदराला चिकटलेली पाकाची धार नखानं खरवडली. म्हातारा खाली मान घालून बसला होता. त्यानं डोळे शेगडीच्या धगीवर धरले होते, कोरडे करायला धरावेत तसे.

"रडू नगा हितं," ती म्हणाली. "अजून तीन भाषनं ऱ्हायल्यात. पोरीची फजिती हुईल. घरी गेल्यावर रडा."

"व्हय."

"बर्फ वितळला असंल माझा," म्हणून ती वळली. चार पावलं गेली आणि थांबली. पश्चिमेकडं, कालिपुरूच्या अंगाला, आभाळ शाईसारखं झालं होतं. वारा पडला होता. मांडवाच्या झालरी हलत नव्हत्या.

"ह्येला कुठं धाडनार?" तिनं विचारलं. मागं वळून बघितलं नाही.

"ठरवलं न्हाई."

"तिकडं धाडू नगा. घरं न्हाईत तिथं आता, तरीबी नगा."

"नऊ वर्सांत तिकडं येकबी सर धाडली न्हाई मी."

ती म्हणाली, "तरीच. कबरीवरची झाडं वाळल्यात तिच्या. मला वाटलं जमिनीचा दोष."

ती चिंचेखाली गेली. तिथं दोन पोरं वाडगी घेऊन उभी होती, त्यांना तिनं पळीनं डावेत वाढायला घेतलं. रोजच्यासारखं एकाच्या वाडग्यात पाक जास्त पडला तर दुसरा भांडला, आणि ती त्याच्यावर खेकसली.

लारास धावत आली. डोळे पुसलेले, पण आवाज बसलेला.

"म्बाह, तुम्ही घरी जाता का? आम्ही कसंतरी आवरू. आलाच पाऊस तर चावडीत बसवू सगळ्यांना."

"कवा सुटनार कार्येक्रम?"

"तीनला."

"मंग तीनला जाईन."

"पण म्बाह..."

"पोरी, अंघोळ तुझी व्हायची हाय, माझी व्हायची हाय. उगं टाइम घालवू नगंस. जा, तुझी मानसं बसीव."

ती गेली. भोंग्यातून बागसचा आवाज आला, लोकांना जागेवर बसायला सांगत होता. नेहमीच्या निम्म्या आवाजात. पुढचं भाषण पतंगांवर होतं, एका शाळामास्तराचं.

सारिजो म्बाहनं एक लवंगी सिगारेट निखाऱ्यावर टेकवून पेटवली. काळ्या आभाळाकडं बराच वेळ बघितलं, मेंढका कळप मोजतो तसं. मग पाट उचलला, थोडा फिरवून ठेवला, खराटा उपसून आणखी एक मिरची टोचून परत खोचला.

"सुगेंग, ऊद आन रं चिमूटभर," तो म्हणाला. "आन् मांडवाच्या त्या कोपऱ्याची दोरी आवळून घे. ढिली हाय."

मी दोरी आवळायला गेलो. तो वारा घालायला लागला.